हिंगाची डबी आणि जपानी बाटली

सुरुवात संडासापासूनच करते. ज्यांना शी वाटेल त्यांनी पुढे वाचू नये. पण ज्यांना हा आजार आहे त्यांना ठाऊक आहे की दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. दिवसाला आठ वेळा, दहा वेळा. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं. आणि वास असा की आमच्या जुईनगरच्या वन-रूम-किचनमध्ये खिडक्या उघडून, उदबत्ती लावून, पंखा फुल करूनही जात नसे. पाहुणे आले की मी आत नळ सोडून बसायचे, आवाज लपवायला. नळाला पाणी नसलं की बादलीवर तांब्या आपटायचे. चार वर्षं हे चाललं. चार वर्षं माणसाला स्वतःच्या शरीराची किळस येत राहिली की ती किळस तेवढ्यावर थांबत नाही, आजूबाजूच्या माणसांवरही उडते. हेच सांगायला मी बसलेय. काय खावं आणि काय नाही ते डॉक्टर सांगतातच.

मी निफाडकडची, गव्हाच्या मुलखातली. ताटात पोळी नसेल तर आमच्याकडे जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते आणि हरेश मशीन शॉपमध्ये. तो उरणजवळच्या मोऱ्याचा, जेट्टीच्या मागे त्यांचं घर. लग्न आम्ही ठरवून केलं, घरच्यांनी नंतर मान्य केलं. मटण मी खायचे, मासे नाही. सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांनी तव्यावर सुकट भाजली, तेव्हा मी पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांनी ते पाहिलं.

ताकद यावी म्हणून

प्राजू झाली आणि दोन-तीन महिन्यांत माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. आधी म्हणाले बाळंतपणाचा अशक्तपणा. मग म्हणाले जंत. मग एका मोठ्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगितला आणि नऊ महिने टीबीची औषधं चारली. लघवी नारिंगी, घाम नारिंगी, पांढरे ब्लाउज काखेत नारिंगी. मळमळ इतकी की टूथपेस्टच्या वासानं उलटी व्हायची. जुलाब होते तसेच राहिले. छत्तीस किलो वजन, केस हातात यायचे, पाय मात्र सुजलेले. नोकरी आधी बिनपगारी रजेवर गेली, मग गेलीच.

आणि उपदेश! सोसायटीतल्या ज्या बायकांशी कधी बोलणं नव्हतं त्यासुद्धा जिन्यात अडवून नजर काढायला सांगायच्या. माझी आई तर निफाडहून माणसासोबत गव्हाचा चीक पाठवायची. गहू भिजवून, वाटून, गाळून केलेला, तूप-गूळ घालून. लेकीला ताकद यावी म्हणून. मी तो डोळे मिटून प्यायचे आणि तासाभरात संडासात पळायचे. 'अगं, अंगी लागायला वेळ लागतो,' असं आई पत्रात लिहायची.

प्राजू चार वर्षांची होऊन गेली तेव्हा मुंबईच्या एका हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. मला भरती करून घेतलं, घशातून नळी घातली, तपासायला आतड्याचा तुकडा काढला. नळी गिळताना मी त्यांच्या हातावर ओकले, त्या हात पुसून परत नळी घालायला लागल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "पोळ्या किती खाता?"

"जमतील तितक्या. ताकद यायला हवी ना."

"अजून काय?"

मी सांजा सांगितला, शिरा सांगितला, दुधात पाव सांगितला, आईचा चीक सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. हा आजार सीलिअॅक, आणि तुमच्या आतड्याला गव्हाचं वावडं आहे, म्हणाल्या. गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किटं, सगळं बंद. आयुष्यभर.

मला वाटलं आता तरी मी आनंदानं रडेन, टीबी नाही, कॅन्सर नाही. पण आला तो राग. चार वर्षं मी ज्याला औषध म्हणून गिळलं तेच मला आतून खात होतं. त्या चिकाची चव आठवून मला तिथेच उमासा आला.

वॉर्डात अजून दहा दिवस ठेवलं. केसपेपरवर लाल शाईत 'गहू नको' लिहिलेलं असताना रोज सकाळी ट्रॉलीवरून माझ्या पुढ्यात दूध आणि पाव यायचा. मी परत करायचे, ट्रॉलीवाला म्हणायचा, "बाई, सगळ्यांना तेच आहे." शेवटी वॉर्डातल्या एका आयाबाईंनी घरून स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज आणायला सुरुवात केली. मीठ घातलेली, कोमट. मी त्यांचं नावही नीट विचारलं नाही. त्या दहा दिवसांत पोटात राहिलं ते तेवढंच.

वासाशिवायचा मासा

घरी आले तेव्हा सासूबाई मोऱ्याहून येऊन राहिल्या होत्या. प्राजूचं सगळं त्याच बघत होत्या. रोज तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, मला पहिली गरम भाकरी. मी काय म्हणायचे? 'पिठूळ लागते.' पोळीसाठी जीव नुसता तडफडायचा. आणि त्यांचा मासा! हळद-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला. बिचाऱ्या ताटात वाढायच्या आणि मी मान फिरवायचे.

हरेश त्याआधी तीन महिने कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला जाऊन आला होता. येताना लोकांनी कॅमेरे आणले, यानं काळ्या सॉसच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या. तिथे कोणाच्या तरी घरी खाल्लेला मासा डोक्यात बसला होता. एका रविवारी त्यानं रावसाचे तुकडे घेतले, त्या सॉसमध्ये साखर, आल्याचा रस, थोडं व्हिनेगर घालून तासभर मुरवले आणि तव्यावर भाजले. आयुष्यात चहाशिवाय काही न केलेला माणूस. वरून पीठ नाही, रवा नाही. मला म्हणाला, "खाऊन तर बघ. यात गव्हाचा कणसुद्धा नाही. सोयाबीनचा सॉस आहे."

खाल्ला. गोड-खारट, चकाकणारा, आणि मुख्य म्हणजे माशाचा वास नाही! चार वर्षांत पहिल्यांदा मी परत वाढून घेतलं. हरेशचे डोळे भरून आले. त्यानंतर रविवार आणि बुधवार ठरून गेले. आठवडाभर मी त्याच दोन जेवणांची वाट बघायचे. सासूबाई ती बाटली हुंगून म्हणाल्या, "याला दर्या ठावूक नाय." मी मनात म्हटलं, म्हणूनच तर आवडतो.

गहू बंद होऊन चार महिने झाले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं, दोन दिवस. मग परत तेच. मरोड, जुलाब, तोच वास. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी एकच विचारायच्या, "कुठून तरी गहू जातोय. बघा बरं." मी म्हणायचे, शक्यच नाही. प्राजू तेव्हा माझ्याजवळ झोपेना. पाच वर्षांचं पोर, नाक दाबून म्हणाली, "मम्मी, तुला वास येतो." नाक असं दाबायला ती माझ्याकडूनच शिकली होती.

डबी

बाजारातल्या प्रत्येक पुडीवरचं वाचा, असं बाईंनी बजावलं होतं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं निघालं: हिंग, डिंक, गव्हाचं पीठ. मी डबी फेकून दिली होती. मार्चमध्ये एक दिवस तांदळाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेली दुसरी डबी सापडली. अर्धी संपलेली.

"आई, हे काय आहे?"

"हिंग हाय."

"ते दिसतंय मला. घरात नको म्हटलं होतं ना?"

"माज्या वरनापुरती हाय ती. मला गॅस होतो. तुजं वरन आधी काडून ठेवते, मंग माज्यावर फोडनी घालते."

खरं सांगायचं तर मी ते ऐकलंच नाही. माझ्या अंगाची लाही झाली होती. चार महिने मी मरतेय आणि कारण इथे फडक्यात गुंडाळून ठेवलंय! मी म्हटलं, "फोडणीचा चमचा तोच. हात तेच. सुकट भाजायची, त्याच हातानं पाणी भरायचं, त्याच हातानं हिंग घालायचा. तुम्हाला घाण काय नि स्वच्छ काय ते कळतच नाही. मला मारूनच टाकायचंय का?"

त्या मोरीपाशी उभ्या होत्या. हात पुसले.

"मी तुला जहर घालते, असं बोललीस तू?"

"हो. बोलले."

प्राजू दारात उभी राहून ऐकत होती. हरेश कामावर होता. सासूबाईंनी पिशवी भरली, त्यात प्राजूचे दोन फ्रॉक घातले. माझ्यात उठून अडवायची ताकद नव्हती, हेही खरं. दारात थांबून म्हणाल्या, "पोर मी नेते. तुजा हात उचलत नाय, तिला आंगोल कोन घालनार? जूनला पहिलीत जायची हाय ती. तवर बरी झालीस तर ये न्यायला. नाय तर मोऱ्यालाच शालेत घालते."

त्या गेल्यावर मी त्यांचा तवा, परात, पोळपाट तीन वेळा घासला. वास जाईपर्यंत. मला वाटलं, आता सुटले.

हिराता साहेब

सुटले कुठली! आता स्वयंपाक हरेशकडे आला. त्याला येत होतं एकच. आठवड्यातून चार दिवस, कधी पाच दिवस, तोच मासा आणि भात. मी आवडीनं खायचे. आणि एप्रिल संपता संपता माझी अवस्था अशी झाली की संडासाच्या दाराशी चटई टाकून पडायचे. हिंग घरात नाही, सासू घरात नाही, मग हे काय आहे? हरेश हळूच म्हणाला, "आईमुळे नव्हतं बहुतेक ते." मी म्हटलं, अजून पोटात हिंग उरला असेल. किती हट्ट असावा माणसाला!

जून डोक्यावर आलेला. मोऱ्याला शेजारच्यांकडे फोन होता, त्यावर प्राजू बोलायची. दोन वाक्यं बोलून 'आजी बोलावतेय' म्हणून ठेवून द्यायची. मे महिना गेला तर पोर हातची जाणार, हे मला दिसत होतं.

त्या सुमारास कंपनीत मशीन बसवायला हिराता नावाचे जपानी इंजिनिअर आले होते. हरेशनं जपानला ज्यांच्या घरी तो मासा खाल्ला होता तेच. त्यांना एकदा घरी जेवायला बोलवायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं बोलाव, मी एका बाजूला बसेन. शेजारणीनं पुऱ्या तळून दिल्या, हरेशनं मासा केला. हिराता साहेब, साठीचा ठेंगणा माणूस, जमिनीवर मांडी घालून व्यवस्थित बसले. पुरी त्यांना आवडली. मला खुणेनं विचारलं, तुम्ही का घेत नाही? हरेशनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, हिला गहू चालत नाही, अजिबात, एक कणही नाही.

हिराता साहेबांनी मान हलवली. मग माझ्या ताटाकडे बघितलं. मी माशाचा तुकडा मोडून तोंडाशी नेत होते.

"नो, नो, मॅडम. नो!" ते एवढ्या जोरात ओरडले की माझा हात थांबला. ते उठले, ओट्यापाशी गेले, बाटली उचलली. चष्मा कपाळावर सरकवून मागचा कागद वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. दोन अक्षरं. "व्हीट," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, पुऱ्यांच्या ताटाकडे बोट दाखवून, "सेम." आमच्या जपानी सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू घालतातच, त्यांनी समजावलं. जवळजवळ निम्मा.

हरेश ओट्याशी उभा होता, हातात उलथणं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पाहुणे गेल्यावर तो तिथेच खाली बसला आणि म्हणाला, "मीच घालत होतो गं तुला. मीच."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तुला काय माहीत, ती अक्षरं कोणाला वाचता येतात.

आणि हे बोलता बोलताच मला स्वतःची अशी शिसारी आली की तशी त्या चार वर्षांत कधीच आली नव्हती. ज्यानं खरंच घातलं त्याला मी एका शब्दानं बोलले नाही. जिनं घातलं नव्हतं तिला जहर घालणारी म्हटलं, तिच्या हातांना घाण म्हटलं, पोरीच्या देखत. कारण पुरावा नव्हता, वास होता. सुकटीचा. उरलेली बाटली मी संडासात ओतली. काळं पाणी भांड्यात फिरत राहिलं, खालून तोच गोड-खारट वास वर आला, आणि मी तिथेच ओकले.

मोरा

पंधरा दिवसांत पोट थांबलं. खरंच थांबलं. मी दिवसातून एकदा जाऊन यायचे आणि बाहेर येऊन वेड्यासारखी हसायचे. ज्यांना हे नेहमीच असतं त्यांना यात काय आहे ते कळणार नाही. वजन फक्त एक किलो वाढलं होतं, पण हरेशबरोबर एसटीत बसून उरणला जाण्याइतकी हिंमत आली होती. संडास कुठे आहे हे न बघता मी पहिल्यांदा घराबाहेर पडले.

सासूबाई पडवीत मासे साफ करत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी कोयता थांबवला नाही. प्राजू त्यांच्या मागे सरकली. हरेशनं बाटलीचं सगळं सांगितलं. त्या खवले काढत राहिल्या.

मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. मी फार घाण बोलले तुम्हाला."

"बोललीस खरी," त्या म्हणाल्या. एवढंच. मग हरेशला विचारलं, "काय काय घालायचास त्यात?"

त्यानं सांगितलं. गोड, खारट, आंबट, आलं. त्या आत गेल्या. पुढे काय केलं ते नीट लिहिते, कारण हा आजार असलेल्यांना माशाचा वास चालत नसेल तर उपयोगी पडेल. रावसाच्या तुकड्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवले, सुटलेलं पाणी फेकून दिलं. चिंचेचा दाट कोळ, काळा गूळ, आल्याचा रस, ठेचलेला लसूण, परत थोडं मीठ. तासभर त्यात मुरवले. तव्यावर जरासं तेल, दोन्ही बाजूंनी भाजून शेवटी उरलेला कोळ वरून ओतला. तो आटला तसा मासा काळपट चकाकायला लागला. हुबेहूब तसा नाही. त्याच्या बाजूच्या गल्लीतला म्हणा.

ताट पुढ्यात आलं. तांदळाची भाकरी, मासा. माझ्या तोंडून सवयीनं, न ठरवता, निघून गेलं, "आई, याला रवा वगैरे नाही ना लावलेला?"

माफी मागून दोन तास झाले नव्हते. मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. सासूबाईंनी मान खाली घातली आणि भाकरीचा काठ सारखा करत बसल्या.

उत्तर प्राजूनं दिलं. घास तोंडात ठेवूनच. "मम्मी, आपल्याकडे रवा नायच हाय. पाव पन नाय. मी कितींदा पाव मागितला, आजी आनतच नाय. आजी पन नाय खात चहाबरोबर. बोलते, तुजी मम्मी कवा पन येईल, भांड्याला लागला तर तिला तरास होईल."

सासूबाई म्हणाल्या, "गप जेव."

दोन महिन्यांच्या वर. त्या बाईला मी जहर घालणारी म्हटलं होतं, आणि दोन महिन्यांच्या वर त्या घरात पाव आला नव्हता.

मी भाकरी मोडली. मासा मला नीट मोडता येईना. प्राजू उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि तिच्या बोटांनी काटा काढून तुकडा माझ्या ताटात ठेवला. मग मान वाकडी करून माझ्या खांद्याचा वास घेतला.

"आता नाय येत," ती आजीला म्हणाली.